कुंभोजगिरीच्या पायथ्याशी : उसाचे शिवार आणि सूर्यास्तापूर्वीचे ताट

कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील हातकणंगले स्थानकावरून बाहुबलीकडे जाणारा रस्ता बहुतांशी उसातूनच जातो. उत्तरेस वारणा आणि दक्षिणेस पंचगंगा, या दोन नद्यांच्या मधला हा सुपीक प्रदेश. येथील काळ्या जमिनीला बारमाही पाणी मिळाले आणि ज्वारी, हरभरा, भुईमूग मागे हटत जाऊन शिवारे उसाने भरली. दिवाळीनंतर तोडणीचा हंगाम सुरू झाला की ऊस लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या रांगा लागतात. जवळपास गुऱ्हाळ असले तर काहिलीत आटणाऱ्या रसाचा गोड वास वाऱ्यावर दूरवर येतो. अशा या गोड मुलखात, सपाट शिवारातून वर आलेला एक लहानसा डोंगर आणि त्यावर उभी असलेली पांढरीशुभ्र मूर्ती दुरूनच दिसू लागते. तेच कुंभोजगिरी, अर्थात बाहुबली क्षेत्र.

मूर्ती संगमरवरी असून २८ फूट उंचीची आहे. तिची प्रतिष्ठापना १९६३ मध्ये झाली. त्याच्याही आधी, १९३४ मध्ये, मुनिश्री समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने येथे बाहुबली ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झाले आणि क्षेत्राला विद्येची जोड मिळाली. डोंगरावर दिगंबर मंदिरे आहेत, तसेच श्वेतांबर परंपरेतील जगवल्लभ पार्श्वनाथांचे मंदिरही आहे. त्यामुळे दोन्ही आम्नायांचे यात्रिक या एकाच वाटेने चढतात. शेजारचे कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. १८८७ मध्ये येथे जन्मलेल्या या जैन शेतकरीपुत्राने पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह चालवले. पंगत, ताट आणि त्यामागचा विचार यांना या परिसरात असा जुना मान आहे.

भगवान बाहुबलींची कथा यात्रिकांना ठाऊक असतेच. वर्षभर ते प्रतिमायोगात निश्चल उभे राहिले. पायाशी वारुळे वाढली, अंगावर वेली चढल्या. त्या वर्षात त्यांनी आहार घेतला नाही. त्यांचे पिता भगवान ऋषभदेव यांची कथाही आहाराशीच निगडित आहे. दीर्घ उपवासानंतर हस्तिनापूर येथे राजा श्रेयांसाने त्यांच्या ओंजळीत उसाचा रस दिला. तो दिवस अक्षय तृतीयेचा. आजही वर्षीतपाचे पारणे त्याच दिवशी इक्षुरसानेच होते. उसाच्या मधोमध उभ्या असलेल्या या क्षेत्री त्या कथेला एक वेगळाच संदर्भ प्राप्त होतो. एका दीर्घ तपाच्या शेवटी ओंजळीत घेतलेला तो रस आणि आज रस्त्याच्या कडेला यंत्रातून गाळून पेल्यामागून पेला विकला जाणारा रस, पदार्थ एकच आहे. फरक आहे तो त्याच्या आधी काय घडले यात, आणि तो किती घेतला यात. आहाराविषयी आधुनिक वैद्यक आज जे सांगते, त्याचे सार या फरकातच दडलेले आहे.

क्षेत्राचा दिवस सूर्यावर चालतो. ज्यांना रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्यांचे शेवटचे जेवण मावळतीपूर्वी आटोपलेले असते. चौविहार करणारे त्यानंतर पाणीही घेत नाहीत. परंपरेने सूर्योदयानंतरच्या दोन घटिका आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन घटिका, म्हणजे प्रत्येकी ४८ मिनिटे, सोडून मधला काळ भोजनास योग्य मानला आहे. या अक्षांशावर सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. हा नियम काटेकोर पाळणाऱ्याला हिवाळ्यात भोजनासाठी सुमारे साडेनऊ तास मिळतात, तर उन्हाळ्यात सुमारे साडेअकरा. उरलेला काळ, म्हणजे साडेबारा ते साडेचौदा तास, पोटाला विश्रांती असते. या नियमाचा उगम अहिंसेत आहे. अंधारात सूक्ष्म जीवांची हिंसा टळत नाही म्हणून तो सांगितला गेला, आणि इंद्रियसंयम हे त्याचे दुसरे प्रयोजन. रक्तातील साखर हे त्याचे प्रयोजन कधीच नव्हते. मात्र शरीराला नियमामागचे कारण कळत नाही. त्याला केवळ वेळ आणि अन्न कळते, आणि दोहोंचा हिशेब ते रक्तात लिहून ठेवते.

हा हिशेब अतिशय बारीक असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी निरोगी व्यक्तीच्या रक्तातील साखर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. गुणाकार केला तर एका वेळी संपूर्ण रक्तात वाहणारी साखर भरते फार तर ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. उसाच्या २०० मिलिलिटर रसात मात्र २५ ते ३० ग्रॅम साखर असते. एक पेला रस प्यायल्यावर काही मिनिटांतच रक्ताच्या एकूण साठ्याच्या पाचसहा पट साखर आतड्यांतून आत येऊ लागते. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर थोडी वाढून दोनतीन तासांत पुन्हा पूर्वपदावर येते. ही किमया इन्सुलिनची. स्वादुपिंडात विखुरलेल्या पेशींच्या लहान लहान बेटांत ते तयार होते. त्याचे नावही बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे ते वेगळे काढण्यात यश आले आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत एका मुलाला त्याचे पहिले टोचणे दिले गेले. तोवर बालवयातील मधुमेह म्हणजे निश्चित मृत्यू होता.

इन्सुलिन साखरेला स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींत जाण्याची वाट मोकळी करून देते. यकृताला ते सांगते की आता नवी साखर तयार करू नकोस, आलेली साठवून ठेव. मेदाच्या साठ्याला ते सांगते की साठा उघडू नकोस. जेवणानंतर काही तासांनी इन्सुलिन उतरू लागते आणि सारा व्यवहार उलटतो. यकृतातील साठवणीची साखर हळूहळू रक्तात सुटते. तो साठा मोठा नसतो, सुमारे १०० ग्रॅमच्या आसपास. रात्र पुढे सरकते तशी मेदाच्या पेशींतून मेदाम्ले बाहेर पडतात आणि यकृत त्यांच्यापासून कीटोन नावाचे घटक बनवू लागते. पहाटेच्या रक्तात साखर, मेदाम्ले, कीटोन, अमिनो आम्ले यांचे जे प्रमाण असते, ते आदल्या संध्याकाळी काय आणि केव्हा खाल्ले याची साक्ष देते. अशा घटकांना चयापचयघटक म्हणतात. त्यांची मोजदाद हा गेल्या काही दशकांतील वैद्यकाचा एक मोठा उद्योग झाला आहे.

वेळेचे महत्त्व याच मोजदादीतून स्पष्ट होत गेले. तेच अन्न सकाळी घेतले तर रक्तातील साखर कमी चढते आणि रात्री घेतले तर अधिक चढते, हे अनेक निरीक्षणांत आढळले आहे. शरीरातील घड्याळ उजेडावर चालते. अंधार पडल्यावर मेंदूतील एका ग्रंथीतून मेलॅटोनिन स्रवू लागते, झोपेची चाहूल देते. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरही या मेलॅटोनिनला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात आणि त्याच्या प्रभावाखाली त्या पेशी हात आखडता घेतात. मेलॅटोनिनच्या एका ग्राहकाचे जनुक मधुमेहाच्या धोक्याशी निगडित असल्याचे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले. रात्री उशिरा भरपेट जेवणारा मनुष्य, थोडक्यात, दुकान बंद होण्याच्या वेळी सर्वांत मोठी मागणी घेऊन जातो.

२०१८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यातून एक लहानसा पण काळजीपूर्वक केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ८ पुरुषांना ५ आठवडे दिवसाचे सर्व अन्न ६ तासांच्या आत, दुपारी तीनच्या आधी दिले गेले. आणखी ५ आठवडे तेच अन्न १२ तासांत विभागून दिले गेले. वजन घटू नये इतके अन्न मुद्दाम दिलेले होते. लवकर जेवण्याच्या काळात वजन फारसे न बदलताही त्यांच्या रक्तातील इन्सुलिन उतरले, शरीर त्याला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागले आणि रक्तदाबही खाली आला. आठच माणसांवरून साऱ्या जगाला नियम लावता येत नाही, आणि दुपारी तीनला दिवसाचे अखेरचे जेवण हे गृहस्थाच्या आवाक्यातलेही नाही. तरी दिवसाच्या उजेडात जेवून रात्र मोकळी ठेवणे शरीराला मानवते, या विचाराला त्यातून बळ मिळाले.

येथवर वाचून एखाद्या श्रावकाच्या मनात समाधान दाटून येणे स्वाभाविक आहे. कंदमुळे वर्ज्य, मांस-मद्य वर्ज्य, रात्रीचे जेवण वर्ज्य. मग मधुमेह येथे यावा कसा? परंतु उसाच्या या पट्ट्यात, तसेच सांगली, इचलकरंजी, कोल्हापूर अशा व्यापारी गावांत, मधुमेहाची गोळी घेणारा मनुष्य कोणत्याही समाजात सापडतो आणि जैन समाज त्याला अपवाद नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३.६ कोटी इतकी अंदाजण्यात आली. शुद्ध आहार आणि हितकर आहार या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी राहतात खऱ्या, पण त्या एकच नव्हेत.

नियम पाळूनही ताट कसे बदलत गेले, हे या मुलखात डोळ्यांना दिसते. येथील जुने जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, कडधान्याची उसळ किंवा आमटी, वांगे-दोडका-घेवडा यांसारखी भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. हुग्गी, म्हणजे गूळ घालून केलेली गव्हाची खीर, ही सणाची गोष्ट होती, पुरणपोळीही तशीच. दिवसभर मोट, नांगर, खुरपणी यांत शरीर झिजत असे. आता शिवारातील बरेच काम यंत्राने होते, भाकरीच्या जागी पांढरा भात आणि मैद्याचे पदार्थ आले, आणि सणाची गोडी रोजच्या चहात, बिस्किटांत, मिठाईच्या खोक्यांत उतरली. कांदा-बटाटा नाही म्हणून कच्च्या केळ्याचे वेफर, शेव, फरसाण चालते; उपवास सोडताना तळलेले आणि गोड यांची रेलचेल होते. संध्याकाळी साडेपाचला घाईघाईने घेतलेल्या ताटात जर पुऱ्या, भात, श्रीखंड आणि भजी असतील, तर नियम पाळला गेला एवढेच खरे. स्वादुपिंडाची सुटका काही झाली नाही.

भाकरी-उसळीचे जुने ताट इन्सुलिनवर हलका भार का टाकते, याचे कारण त्यातील चोथ्यात आणि डाळींच्या गुणात आहे. तंतुमय पदार्थ पोट सावकाश रिकामे होऊ देतात, त्यामुळे साखर एकदम न येता झिरपत येते. जे तंतू पचत नाहीत ते मोठ्या आतड्यातील जीवाणूंना मिळतात आणि त्यांपासून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले तयार होतात. ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात आणि अंशतः रक्तात शिरून यकृतापर्यंत पोहोचतात. प्रथम भाजी-उसळ आणि मागाहून भात असा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. ताट तेच, केवळ क्रम वेगळा.

रक्त पुष्कळ आधी बोलू लागते, याचा सर्वांत ठळक दाखला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावाचा. तेथे १९४८ पासून रहिवाशांच्या हृदयारोग्याची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जात आहे. २०११ मध्ये संशोधकांनी तेथील दुसऱ्या पिढीचे जुने, जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले. २,४२२ व्यक्तींची साखर तेव्हा मधुमेहाच्या मर्यादेत नव्हती. पुढच्या १२ वर्षांत त्यांपैकी २०१ जणांना मधुमेह झाला. त्या गटातील मधुमेह झालेल्यांची आणि न झालेल्यांची तुलना केली असता पाच अमिनो आम्लांचे प्रमाण आधीपासूनच वेगळे असल्याचे दिसले: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलअ‍ॅलॅनिन. साखर बिघडण्याच्या कितीतरी वर्षे आधी ही आम्ले वाढलेली होती. याचा अर्थ डाळ किंवा दूध सोडावे असा मुळीच नाही, कारण ही आम्ले शरीरास आवश्यकच आहेत. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की त्यांचा विनियोगही नीट होत नाही आणि ती रक्तात तुंबतात. ती वाढणे ही रोगाची चाहूल असते.

शाकाहारी मराठी माणसाच्या दृष्टीने याहून जवळचे संशोधन पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु भारतीय बाळ हडकुळे दिसले तरी त्याच्यातील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. कमी होते ते स्नायू. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःच्याच शरीराचे उदाहरण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाने आपल्याला मधुमेह होणार नाही असे मानू नये, हा बोध त्या एका चित्राने दिला.

याच खेड्यांतून जीवनसत्त्व बी-१२ चा प्रश्नही पुढे आला. तपासलेल्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. बी-१२ कमी पडले की होमोसिस्टीन हा चयापचयघटक रक्तात वाढतो. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. वनस्पतीत बी-१२ जवळजवळ नसते. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. ताकाऐवजी काळा चहा आणि दुधाऐवजी शीतपेय घेणाऱ्या शाकाहारी घरात ही उणीव सहज निर्माण होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत तर बी-१२ आणखी खालावू शकते. म्हणून गर्भारपणापूर्वी मुलींनी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या ज्येष्ठांनी त्याची तपासणी करून घ्यावी आणि उणीव असल्यास वैद्यांच्या सल्ल्याने पूरक औषध घ्यावे. जिलेटिनच्या कॅप्सूलला हरकत असेल तर साध्या गोळीविषयी औषधविक्रेत्याकडे विचारणा करता येते.

पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात उपवासांची परंपरा सर्वत्र तेजाने पाळली जाते. निरोगी शरीर एक-दोन दिवसांचा उपवास सहन करते. आरंभी यकृतातील साखर, नंतर मेद, आणि मेंदूसाठी कीटोन, असा आपला पुरवठा ते स्वतःच बदलून घेते. परंतु इन्सुलिनचे टोचणे किंवा स्वादुपिंडाला ताणून इन्सुलिन काढायला लावणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर औषध आपले काम करीतच राहते आणि साखर ७० च्या खाली घसरून घाम, थरथर, गोंधळ, क्वचित बेशुद्धीही येऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांत तर उपवासात कीटोन धोकादायक पातळीवर जाण्याची भीती असते. पर्वापूर्वीच औषधांची मात्रा वैद्यांकडून ठरवून घेणे आणि लक्षणे दिसताच साखर तपासून उपवास सोडणे, यात व्रताचा अवमान नाही. दीर्घ उपवासाचे पारणेही सांभाळून करावयाचे असते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम पुष्कळ गोड गेले तर इन्सुलिन उसळते आणि त्याच्यासोबत रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढले जाते. रक्तात त्यांची तूट पडून हृदयावर आघात होऊ शकतो. घरातील वडीलधाऱ्यांनी पारण्याला मुगाचे पाणी थोडे थोडे देण्याची जी रीत जपली, ती या दृष्टीने शहाणपणाची आहे. तीर्थंकरत्वाला कारण होणाऱ्या सोळा भावनांत ‘शक्तितस्तप’ अशी एक भावना गणली आहे: तप करावे, ते शक्तीनुसार. मधुमेही श्रावकासाठी याहून नेमका आधार शोधण्याची गरज नाही.

क्षेत्राच्या पायऱ्यांनाही या विचारात स्थान आहे. चालताना, चढताना स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीवाचूनही आत ओढून घेतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालणाऱ्याची साखर बसून राहणाऱ्यापेक्षा कमी चढते. डोंगरावर दर्शनाला जाणारा यात्रिक हे नकळत करतो. घरी परतल्यावर गच्चीवरील किंवा गल्लीतील फेरीही तेच काम करते, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याला झोपेपर्यंत त्यासाठी भरपूर वेळ उरलेला असतो.

बाह्य तपांची गणना करताना अनशनाच्या लगेच पुढे अवमौदर्य, म्हणजे ऊनोदरी, सांगितली आहे: भुकेपेक्षा चार घास कमी. त्यानंतर वृत्तिपरिसंख्यान, आणि मग रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहांतील एखादा रस ठरावीक काळासाठी सोडणे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा, अशी मोजणी ग्रंथांत केली आहे, आणि त्याहून एकेक घास कमी करीत जाणे हे तप मानले आहे. समाजात आज अनशनाचा गौरव होतो. आठ दिवसांचा उपवास करणाऱ्याची मिरवणूक निघते, त्याची छायाचित्रे छापली जातात. ऊनोदरीची मिरवणूक निघत नाही, कारण ती कोणाला दिसत नाही. पंगतीत आग्रहाने वाढलेला चौथा लाडू हात आडवा धरून नाकारणाऱ्याचे नाव कोणी पुकारत नाही. उलट यजमान नाराज होतो.

आणि नेमके हेच तप इन्सुलिनला सर्वांत अधिक उपकारक आहे. वर्षातून आठ दिवस रिकामे आणि उरलेले दिवस भरगच्च, यापेक्षा वर्षभर रोज थोडे रिकामे ठेवलेले पोट स्वादुपिंडाला खरी विश्रांती देते. काय खाऊ नये हा नियम समाजाने निष्ठेने सांभाळला. केव्हा खावे हाही पुष्कळांनी सांभाळला. किती खावे हा नियम मात्र आग्रहाच्या वाढपात हरवला. तो परत मिळवण्यासाठी नवे शास्त्र नको आणि नवे औषधही नको. समारंभाच्या यजमानाने गोडाचा एकच पदार्थ ठेवावा, वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा विचारावे पण तिसऱ्यांदा विचारू नये, सूनबाईने भाकरी-उसळीचा बेत केला तर त्याला गरिबीचे लक्षण कोणी म्हणू नये. मंगळवारी गोड सोडणाऱ्या सासूबाईंचे घरात कौतुक व्हावे, जसे अठाईचे होते. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत आहे की १२६ च्या पुढे गेली आहे, हे तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पाहून ठेवावे.

ऋषभदेवांच्या ओंजळीत मावला तेवढाच इक्षुरस त्या पारण्याला पुरेसा झाला. ओंजळ हे निसर्गाने प्रत्येकाला दिलेले माप आहे. ते हरवत नाही, विकत घ्यावे लागत नाही. ताट वाढून घेण्यापूर्वी त्याची आठवण झाली, तरी रक्ताचा जमाखर्च पुष्कळ अंशी सावरेल.